घराला एकच कार्ड

बसच्या रांगेत माझ्यापुढे साठीतले बहीण-भाऊ उभे होते.

"ताई, आपल्या वाचनालयात उद्या माझा सत्कार आहे. लहानपणी सगळ्यात जास्त पुस्तकं मीच नेली म्हणे!"

"तू? तू तिथे पंख्याखाली घोरत पडायचास."

"पण कार्डावर नाव माझंच आहे ना!"

"घराला एकच कार्ड मिळायचं, ते बाबांनी लाडक्या लेकाच्या नावावर काढलं. पुस्तकं मी वाचायचे. तुला फक्त सही करायला उठवायचे."

"जुनं कशाला उकरतेस? भाषणात आवडत्या पुस्तकावर बोलायचंय. एखादं सांग ना."

"पंख्यावर बोल. तिथलं तेवढंच तुला पाठ आहे."

"बरं, येशील तरी ना?"

"यायलाच हवं. नाव पुकारल्यावर तुला उठवणार कोण?"