ताल माझा, उशीर यंत्राचा

सन्माननीय अध्यक्षबाई, व्यासपीठावरचे पाहुणे, आपल्या वाद्यवृंदाचे चिटणीस, आणि खुर्च्या कमी पडल्या म्हणून भिंतीला टेकून उभ्या असलेल्या मंडळींनो,

आपण माझ्याविषयी फार चांगलं बोललात. इतकं चांगलं लोक गेलेल्या माणसाविषयीच बोलतात. मी सातवी शिकलेला माणूस, चाळीस वर्षं इथे ढोल वाजवला. आणि आज निरोप कशासाठी? तर म्हणे, "काका, तुम्ही हल्ली तालात मागे पडता."

मी? मागे? गेलं वर्षभर तालीम बंद, आपण सगळे घरी संगणकावर गाणं ऐकत आपापलं वाद्य वाजवतो, रेकॉर्ड करून पाठवतो आणि चिटणीस ते जोडतात. माझा ठोका दरवेळी उशिरा. मी घाबरलो. कान तपासून घेतले. रस्त्यात पावलं मोजत चाललो, तर लोक वळून बघायला लागले. शेवटी राजीनामा लिहून दिला.

परवा सूनबाई म्हणाली, "बाबा, संगणक राहू द्या. हे गाणं मोबाइलवर लावते, टेबलावर वाजवा बरं."

वाजवलं.

"अहो, चोख आहे की! मग चोर दुसराच आहे."

तिने संगणकाजवळ ठेवलेले माझे बिनतारी हेडफोन उचलले. म्हणाली, यातून गाणं तुमच्यापर्यंत पोचतं तेच उशिरा. तुम्ही ऐकता त्याप्रमाणे बरोबर वाजवता आणि रेकॉर्डिंगमध्ये मागे दिसता. वायरचे हेडफोन लावले. संगणक आवाज थोडा साठवून मग पुढे सोडतो, त्याला बफर म्हणतात. तोही तिने कमी केला. ठोका जागच्या जागी!

आता सांगा, ते बिनतारी हेडफोन दिले कुणी? याच वृंदाने, माझ्या पंचाहत्तरीला, याच व्यासपीठावर! टाळ्याही वाजल्या होत्या. कानात उशीर तुम्ही घातलात आणि वय माझं काढलंत? एकाने तरी घरी येऊन विचारलं का, काका, ऐकता कशातून?

चिटणीस, खाली बघू नका. नवं रेकॉर्डिंग कालच पाठवलंय. ऐकलंत? नाही ना? राजीनामा मात्र पाठवला त्याच दिवशी वाचलात!

आज भिंतीवरचं घड्याळ दिलंत. आभारी आहे. ते तरी वेळेवर चालतं का, ते घरी जाऊन बघतो.

अध्यक्षबाईंनी आणि पाहुण्यांनी एवढं ऐकून घेतलं, त्यांचे उपकार. रागाच्या भरात कुणाला लागेल असं बोललो असेन, तर म्हाताऱ्याला माफ करा. पण माफी तेवढ्याचीच, तालाची नाही. रविवारपासून इथली तालीम पुन्हा सुरू होतेय, मी येतोय. माझी खुर्ची कुणी हलवू नका.