मागच्या पानावरचा गळा

मावशी : आणि ही? हिलाही मुंडकं नाही. अगं बये, ड्रेसच्या डिझाइनचं पुस्तक आहे हे. गिऱ्हाइकांना दाखवते मी.

भाची : गिऱ्हाईक ड्रेस बघतं. ड्रेस सगळे शाबूत आहेत. डोकी थोडीच शिवतेस तू?

मावशी : तोंड आवर. पान उलट. काय दिसतंय?

भाची : भोक.

मावशी : तिथे गळा होता. इकडचं डोकं छाटलं की मागच्या पानावरचा गळा जातो. काल बँकेतल्या बाई ह्याच गळ्यावर बोट ठेवून गेल्या. आत्ता येतील कापड घेऊन. काय दाखवू, भोक?

भाची : चुकलं तेवढं. उलटून नाही बघितलं.

मावशी : आण ते डोकं.

भाची : पुठ्ठ्यावर चिकटवलंय. इस्त्रीच्या टेबलाखाली. बघ, पण हात लावायचा नाही.

मावशी : (चष्मा लावून वाकते) हे काय गं? ट्रक टायरवाल्याच्या कॅलेंडरमधला. दरवाजा रंगाच्या जाहिरातीतला. आणि हे निळं?

भाची : नदी. पाण्याच्या बाटलीचं लेबल आहे.

मावशी : शाळा सोडताना म्हणालीस, हाताला काम शिकवायचंय. शिकला हात. मुंडकी छाटायला.

भाची : गोष्ट करतेय मी. आधी आवडेल ते कापायचं, का ते विचारायचं नाही. मग सरकवत बसायचं. दोन चित्रं एकमेकांशी भांडायला लागली की चिकटवून टाकायची. मग वहीत त्यांना विचारायचं, कुठे निघालीस, ट्रक कोणाचा. येईल ते उत्तर लिहायचं, खोडायचं नाही.

मावशी : शाळेत दोन ओळी लिहायच्या म्हटलं की पोटात दुखायचं तुझ्या.

भाची : शाळेत प्रश्न त्यांचे असायचे.

मावशी : मग काय म्हणाली ही?

भाची : काल रात्री चिकटवली. आज बोलली. ट्रक पळवलाय तिने. दरवाजा नदीपलीकडे न्यायचाय. घर नंतर बांधणार.

मावशी : आधी दरवाजा?

भाची : मग काय. आत कोणी यायचं, कोणी नाही, ते पहिल्या दिवसापासून तीच ठरवणार.

मावशी : हं. ते राहू दे. ओलं फडकं ठेव, वाफ दे, सुटेल डोकं. मागचा गळा बघून घेते, मग लाव परत.

भाची : फाटेल.

मावशी : दुसरं लाव. डोक्यांना काय तोटा?

भाची : बाकीच्या सगळ्या हसतायत. हसणारी ट्रक पळवत नाही. ही एकटीच दात आवळून उभी आहे. नाही देणार मी.

मावशी : मग तूच सांग त्यांना. त्या बघ, आल्याच.

भाची : सांगते की. या बाई. तुमचा गळा माझ्या गोष्टीतल्या बाईच्या डोक्यामागे चिकटलाय. चूक माझी आहे. पण तो निघणार नाही.

गिऱ्हाईक : म्हणजे काय? ही शाळा सोडलेली भाची ना तुमची? हिची कसली आलीये गोष्ट. कचरा आहे तो. ओरबाडून काढा आणि दाखवा मला.

मावशी : कचरा मी म्हणेन. तुम्ही नाही म्हणायचं.

गिऱ्हाईक : अहो, पण मला तोच गळा हवाय.

मावशी : तो गेला. दुसरा निवडा, जीव लावून शिवीन. नाहीतर कापड परत न्या.

गिऱ्हाईक : एका पुठ्ठ्यापायी गिऱ्हाईक घालवताय?

मावशी : जाताना दार ओढून घ्या. धूळ येते आत.

भाची : गेल्या. खरंच गेल्या. मावशी, आता गं?

मावशी : आता काय, तुरपाई कर, पडलीये तिथे... ट्रकमधली बाजूची सीट का गं रिकामी?

भाची : तिथे कोण बसतंय ते कळलंच नाही अजून.

मावशी : एवढा जड दरवाजा एकटी उतरवणार आहे होय ती?

भाची : मग?

मावशी : शेवटून तिसरं पान काढ. चष्मेवाली. तिच्यामागे नुसती बटणांची जाहिरात आहे. बघितलंय मी.