मातीवाल्यांचे शेवटचे दावेदार

सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आमचे संपादकसाहेब, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती आणि आम्हा सर्वांचे मातीवाले, पहिल्या रांगेत बसलेल्या वहिनी, इतर वर्तमानपत्रांतून आवर्जून आलेले क्रीडा वार्ताहर मित्र आणि माझ्या सहकाऱ्यांनो,

क्रीडा पानाचा उपसंपादक या नात्याने दोन शब्द बोलायला मला उभं केलंय. मातीवाले आज निवृत्त होतायत, त्याचं दुःख मला व्हायला हवं. दुःख आहेच. पण खरं सांगायचं तर मला आज भीती वाटतेय, आणि तिचं कारण माझ्या डाव्या हाताला गळ्यात हार घालून बसलंय.

मातीवाल्यांना हे नाव का पडलं, ते पाहुण्यांना सांगायला हवं. लाल मातीवरच्या टेनिसची मोठी स्पर्धा आपल्याच शहरात भरते आणि दरवर्षी तिच्या विजेतेपदाचे दावेदार कोण, हे मातीवाले सांगतात. कसं सांगतात? आपण सामने बघतो, आकडे बघतो. हे गृहस्थ सराव चालू असताना कोर्टाकडे पाठ करून चहा पितात. खेळाडू निघून गेले, की झाडू फिरायच्या आत कोर्टात शिरतात आणि मातीवरचे बुटांचे ओरखडे बघत हिंडतात. एकदा पहारेकऱ्याने त्यांना बखोटीला धरून बाहेर काढलं होतं. वहिनी हसतायत, म्हणजे त्यांना ठाऊक आहे. मातीवर चेंडू गाठायचा तर घसरत जावं लागतं. ज्याचा ओरखडा लांब आणि सलग, त्याचा स्वतःच्या पायांवर भरवसा आहे. ज्याचा तुटक, तो कुठेतरी कचरतोय. चेहऱ्याने कुणीही फसवतं, पायांनी ते जमत नाही, असं त्यांचं म्हणणं.

मग कोण कुणाशी खेळणार याचा ड्रॉ जाहीर झाला, की ते आमच्या टेबलाशी येतात, नावं तोंडी सांगतात आणि मी टाइप करतो. यंदा अध्यक्षांनी ठरवलं, की मातीवाल्यांनी आपले शेवटचे दावेदार इथेच, या माईकवरून सांगावेत. उद्याच्या पानावर त्यांची जागा मोकळी ठेवून मी आलोय.

आता आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे, की यंदाच्या खेळाडूंत माझी मुलगी आहे. सगळ्यांच्या यादीत गतविजेती दुसरी आणि माझी मुलगी पहिली. समोरच्या मित्रांनो, तुमच्याच याद्यांबद्दल बोलतोय. घरी फोन थांबत नाही, तिच्या आईला घास उतरत नाही. म्हणून काल मातीवाल्यांना जिन्यात गाठून मी म्हटलं, की दादा, तिचं नाव घेऊ नका. तुम्ही पहिलं नाव घेतलं, की अख्ख्या शहराचं ओझं त्या पोरीच्या डोक्यावर. ते म्हणाले, "नाही घेणार. मी तिचे ओरखडे बघितलेत."

मला हायसं वाटायला हवं होतं ना? उलट मी आणखी घाबरलो. मला वाटत होतं, की ती कचरते हे एकट्या मलाच माहीत आहे. गेल्या वर्षी घसरताना तिचा पाय मातीवर ठोकलेल्या रेषेच्या पट्टीत अडकला, गुडघ्याचं ऑपरेशन झालं, हे तुम्ही छापलंत. पुढचं तुम्हाला माहीत नाही. गुडघा बरा झालाय, पण ती आता डावीकडे घसरतच नाही. चेंडूच्या अलीकडेच थांबते. परवा जेवताना मला म्हणाली, "बाबा, कुणाला सांगू नका. तिकडे पाय टाकला, की तो मोडल्याचा आवाज येतो मला."

अध्यक्षमहाराज, तुमची चिठ्ठी मिळाली. आवरतोच.

तिसऱ्या रांगेतले मित्र, तुम्ही लिहून घेताय काय?

हे मी काय बोलून बसलो. बातमीदारांनी भरलेल्या सभागृहात, सामन्याच्या आदल्या दिवशी, पोरीची डावी बाजू मी माईकवरून सांगून टाकली. उद्या समोरची खेळाडू पहिला चेंडू तिकडेच मारेल, आणि ही आपण कचरत नाही हे दाखवायला जिवाच्या आकांताने घसरेल. माझं पान असतं तर हा मजकूर मी छाटला असता. तुमच्या पानांवर माझी कात्री चालत नाही. हात जोडतो, ते पेन खाली ठेवा. तुमच्या जागी मी असतो, तर ठेवलं असतं का? मला माहीत नाही, म्हणूनच मला धडकी भरलीय.

दादा, कालची विनंती मी मागे घेतो. तिचं नाव घ्या. पहिलं घ्या. तुम्हीच जर म्हणालात, की तिचे ओरखडे लांब आहेत, तर माझ्यासारख्या घाबरट बापाचं बोलणं कोण मनावर घेईल? तुम्ही आजवर न पटलेलं एकही नाव घेतलं नाहीत, कुणाची भीड ठेवली नाहीत, आणि त्याचाच आज आपण सत्कार करतोय, हे मला कळतं. तरी मागतोय. तुम्ही मान खाली घातलीत. वर बघा ना, दादा.

असो. मला बोलू दिल्याबद्दल अध्यक्षांचे आणि आयोजकांचे आभार. वहिनी, तुम्हा दोघांना निवांत, निरोगी दिवस लाभोत. माझ्या बोलण्यात काही कमीजास्त झालं असेल, तर सभागृहाने ते पोटात घालावं. तुम्ही घालालही. पण मला आता घरी जायचंय, आणि दार माझी पोरच उघडणार आहे.