सुधारलेल्या विश्वजितचा सत्कार

...आन् पुन्यांदा तेच की! 'आजोबा, बसा, समन्वय चाललाय.' अवो पन किती चालंल? तुम्हास्नी सांगतो पावणं, माझा नातू विश्वजित, कागलकडं कारखान्यात कामाला. रातपाळीला जागं ऱ्हायला म्हनून गोळी घ्यायला लागला, आन् आता गोळीबिगर हाताची थरथर थांबंना, घास तोंडापातूर जाईना... मी काय मागिटलं? दवाखान्यात एक खाट! एक!

डाक्टर म्हनला, 'आधी पोलिसांकडं जावा.' पोलिस म्हनला, 'ह्यो आजार हाय, आमच्याकडं कशाला आनलाय?' तिसऱ्या हापिसातली बाई लई ग्वाड... 'आजोबा, दिल्लीवरनं नशामुक्तीचं धोरन आलंय, समद्या खात्यांनी मिळून करायचंय. तवर बसा, समन्वय चाललाय.'

बसलो!

मग समद्या खात्यांची मिळून सभा, आमच्याच गावात. पैल्या सायबानं दुसऱ्याचा सत्कार केला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा, तिसरा फिरून पैल्याकडं... फेटा, शाल, नारळ! म्हटलं, ह्यांचं नारळ सरूस्तवर पोरगं ऱ्हातंय का? जल्मभर लोकांच्या खोड्या काढल्या, म्हटलं आनि एक काढू. विश्वजितला धरला आन् चढलो की स्टेजवर! डाक्टर बी वरच बसलेला, त्यानं नुस्ता हात धरला तरी कळंल, न्हवं? सायेब म्हनला, 'हे कोन?' दिलं ठोकून, 'तुमच्यामुळं सुधारलेला की वो!'

टाळ्या! डाक्टरनं हात धरला, व्हय, पन कशाला? फोटोसाठनं हालवायला! थरथर कळायची कुनाला? फेटा बांधला. खाली त्येची आई, आमची चिमणाबाई, हुंदकं द्यायला लागली, तर सायेब माईकवर, 'बघा, बघा, आनंदाश्रू!'

दुसऱ्या दिशी खाट मागाय गेलतो. बाई म्हनती, 'अवो, विश्वजित बरा झालाय की! दिल्लीला दाखवायला आमच्याकडं त्यो एकच हाय.' म्हटलं, बाई, मी गंमत केली, त्यो मरतोय वो! 'अगंबाई... मग परत समद्या खात्यांना मिळून ठरवाय लागंल. बसा, समन्वय...'

शाल? ती त्यानं सांजच्याला विकली, गोळ्या आनल्या. म्होरल्या म्हैन्यात परत बोलवलंय त्याला, पोरांना चार शब्द सांगायला. म्हटलं, जाऊ नगंस बाबा. तर बसल्या जागी कापत म्हनतोय, 'आज्जा, तितं आनि एक शाल मिळंल न्हवं?'

सरकार शाल देतंय, ह्यो गोळ्या आनतोय...

झाला की वो समन्वय!