अकरा झाडांचा धनी

व्हय, अकरा! मोजा की सायेब पुन्यांदा, झाडं काय पळून जात्यात? परवाच्या साली आमी पुरुषांनी दोनशे लावली हुती — ताशा वाजवून, सरपंच आसारामचं तासभर भाषन, च्या, फोटू — बाया? बाया न्हवत्या, त्यांना झाडाबिडातलं काय कळतंय? त्या गेल्त्या दोन कोसावर पान्याला. मग? मग काय, दोनशेच्या दोनशे शेरडांनी खाल्ली. जगली ती या भिमाजीच्या दारात निराळी लावलेली अकरा. तवा तालुक्याच्या सर्टिफिकिटावर नाव माझंच लिवायचं, सांगून ठेवतो.

पानी कुनी घातलं? मीच की! दुष्काळ असा, की कावळा आमच्या हंड्यात डोकावला न् ढसाढसा रडला — दोन थेंब वाढलं हंड्यात, आईच्यान! तरी रोज एका झाडाला पानी दिलंय, माझ्या अंगावरून. अंगावरून म्हंजे — आता तुमाला म्हनून सांगतो — आमची ही अंगुळीचा दगड ढकलत न्यायची न् रोज नव्या रोपाच्या बुडाशी मांडायची. बसा म्हनं हितं. आज लिंबापाशी, उद्या शेवग्यापाशी. जामखेडच्या रस्त्यानं जानारं येनारं माझ्या पाठीला वळखायला लागलं. साबन? न्हाई द्यायची, मुळ्या जळत्यात म्हनं. एकदा वैतागून म्हनालो, त्यो लिंब उपटतो न् चाबकाला दांडा करतो — तर अकरा दिवस तांब्याभर पानी न्हाई अंगाला! मानसं वाऱ्याची दिशा बघून माझ्यासंगं बोलायची.

कुठनं आनायची पानी? त्या ह्याच्यातनं... वढ्यातनं, का बारवंतनं... आसंल कुठनं तरी. मी कशाला जातोय? डोक्यावर हंडा घेतलेला बाप्या बघितलाय कुठं? — लिवायचं का थांबलात?

कुनाचं नाव? तिचं? आवो, बायकूचं नाव घेत्यात व्हय परक्या मानसाम्होरं? लगीन झाल्यापास्नं 'आगं'वरच भागलंय आमचं. असं करा — 'भिमाजी यांची बायकू' लिवा. आधी मी, पुढं जागा उरली तर ती. समद्यांचं समाधान! न्हाई चालत? का न्हाई चालत?

— आगं, तू कशाला भाईर आलीस? सायेब न् मी बोलतोय न्हवं? काय सांगितलंस त्यांना? झुंबरबाई? असं मोठ्यानं? माझ्या देखत?

लिवलंत? शाईनं?

...उठा आता सायेब. यष्टी चुकंल तुमची.