काठावरचं मतदान

— ढवळत राहा हो, थांबू नका, सफरचंदाचा मुरंबा आहे हा, सभेतलं भाषण नव्हे, थांबलात की बुडाला लागतो. कोट काढून ठेवा हवं तर. आल्बनीहून एवढ्या लांब आलात, कॅप्टन घरी नाहीत, तर त्यांच्या बायकोला हातभार लावा. हां, तर काय म्हणत होतात पॉमेरॉय साहेब? पत्रक छापायचंय. ‘कॅप्टन झीनस हॅच, क्वीन्स्टनच्या लढाईचे वीर, असेंब्लीसाठी मत यांनाच.’ बरं. आणि खाली माझं नाव कशाला? — असं होय! वीराची बायको, शिवाय त्याच लढाईत पडलेल्या असाहेलची बहीण. एका नावात दोन कामं. हुशार आहे हो तुमचा पक्ष.

नाही, निवडून यायला हवेतच हे, त्यात वाद नाही. येताना रस्ता बघितलात ना? एक गाडी दिसली? नायगराच्या धबधब्यावरून होडी काही चढत नाही, म्हणून पूर्वी सगळा माल आमच्या लुइस्टनला उतरायचा, आणि आमचे बैल तो ओढत वर न्यायचे — मीठ, पीठ, तोफा, सगळं. आता मोठा कालवा झाला, तो तिकडे लॉकपोर्टवरून. लॉकपोर्टला काल-परवापर्यंत अस्वलं फिरत होती, तिथे आता घड्याळजी आलाय म्हणे, आणि आमचे बैल उभ्या उभ्या चारा खातायत. देशाची भरभराट होतेय — होत असेल, मी कुठे नाही म्हणते, पण ती आमच्या दारावरून जात नाही एवढंच. हे असेंब्लीत गेले आणि धबधब्याला वळसा घालून इकडून कालवा आणला, तर राहू. नाहीतर पश्चिमेला, ओहायोच्या रानात. या वयात पुन्हा झाडं तोडा, पुन्हा चूल मांडा. त्या लढाईच्या पुढच्या वर्षी इंग्रजांनी गाव जाळलं तेव्हा बर्फातून पळालो, परत येऊन हे घर उभं केलं — आता नाही हो होत माझ्याच्यानं. थकले मी.

म्हणून नाव घाला माझं, खुशाल घाला. फक्त ते मधलं पुन्हा वाचा. ‘गोळ्यांच्या वर्षावात नायगरा ओलांडून’ — हे कोणी सांगितलं तुम्हाला? ह्यांनी? — ‘नाही’ म्हणाले नाहीत! वा. माझ्या नवऱ्याची ती जुनीच रीत आहे.

क्वीन्स्टन नदीपलीकडे, इंग्रजांच्या मुलखात, आणि नदी ओलांडली नाही ह्यांनी. तोंड कशाला एवढं करताय, अर्धी फौज याच काठावर उभी होती, अख्ख्या जिल्ह्याला ठाऊक आहे. भेकड होते म्हणून नाही — कायदा होता. गावची पलटण आपलं राज्य राखायला, हद्दीबाहेर न्यायची नाही. आणि कॅप्टन म्हणजे तरी कोण? आमच्याकडे पलटणच मतं देऊन कॅप्टन निवडते, ह्यांनी पिंपभर सफरचंदाची दारू पाजली तेव्हा निवडून आले. असा कॅप्टन हुकूम कसला सोडणार? विचारणार! पलीकडून होड्या भरभरून जखमी येतायत, रिकाम्या होड्या थांबल्यायत, सेनापती घोड्यावरून हात जोडतोय — आणि ह्यांनी काय करावं, तर काठावर मतदान घेतलं. जायचं असेल त्यांनी हात वर करा. हसू नका. आमचे लोक सगळं मतांनी करतात, पाद्रीसुद्धा मतांनी आणतात. पलटणीनं ठरवलं जायचं नाही, त्यात ह्यांचा काय दोष? तेच तर मी तेरा वर्षं म्हणतेय सगळ्यांना. पलटणीनं ठरवलं.

पण असाहेल पलीकडे होता ना. पहिल्याच होडीत गेला वेडा, कोणाला विचारलं नाही, हात वर केला नाही. पलीकडच्या टेकडीवर संध्याकाळपर्यंत उभे होते ते गेलेले सगळे, वळून वळून नदीकडे बघत — अजून येतील, आपलीच माणसं आहेत. आणि आता तुमच्या पत्रकात हे त्याच्या शेजारी उभे! हे तिथे होते तर मग माझा भाऊ एकटा कसा मेला? त्याच्याजवळ एवढंच तर आहे हो, एकटं मरणं, ते तरी त्याचं त्याला राहू द्या. नाही, तुम्हाला नाही कळायचं. मतदान म्हणता — सारखी पडली होती मतं! अर्धे हात वर, अर्धे खाली. कॅप्टनचं मत तेवढं उरलं होतं, आणि ह्यांनी आपले हात पाठीमागे —

कोणी सांगितलं मला? ह्यांनी नाही. हे कधी बोललेच नाहीत, मीही विचारलं नाही. पलटणीतला लोहार, मरायच्या आधी बोलावून घेतलं त्यानं मला. मला माहीत आहे हे ह्यांना माहीतसुद्धा —

कॅप्टन? तुम्ही... कधी आलात? मागच्या दारानं?

बसा ना. असे उभे का? — अहो, पत्रकाचं राहू द्या आता, पॉमेरॉय साहेब, कोट घ्या तुमचा आणि निघा. निघा म्हणते ना! दिसत नाही का, माझ्या नवऱ्याला माझ्याशी बोलायचंय.