वास गेला तेव्हापासून

माझं गाव कंधारकडचं. शाळा दुसरीपर्यंत, पुढं बापाच्या हाताखाली. बाप बैलांचे चामडी पट्टे शिवायचा, त्याला एरंडेल चोळायचा आन् म्हणायचा, आधी वास घे, मग हात लाव. तेवढं शिक्षण घिऊन लातूरला आलो, गाड्यांच्या सीटा शिवायला, धुवायला लागलो, आन् काय सांगू तुम्हाला, उभा जन्म डोळे झाकून नुसत्या नाकानं सांगितलं, हे कातडं, हे रेक्झिन. गिऱ्हाइकं मुद्दाम बघायला पाव्हणे आणायची.

मग ते तापाचं साल आलं, घरोघर माणसं पडली. मी उठलो, पण वास गेला तो गेलाच. वरण करपलेलं आन् मी आपला मुकाट जेवून राहिलो, तवा बायकोच्या ध्यानात आलं. म्हणली, पोराला सांगा की. म्हणलं, खबरदार! शिवायला-टाचायला पोरगं माझ्यापरीस चांगलं, दुकानात माझं म्हणून नाक तेवढं राहिलं होतं.

त्यात मुरुडचे डॉक्टरसाहेब आले, जुनं गिऱ्हाईक, सेकंडहँड गाडी घेऊन. म्हणले, आबा, सीटा कातड्याच्या म्हणून मला विकली, तुम्ही बघा. मी वाकलो, नाक लावलं. काय येणार? पाणी हुंगल्यावानी. पण तोंडानं बोलून गेलो, अस्सल हाय. पोरगं हळूच म्हणलं, आबा, सीटखाली दुमडलेली कड हाय, तिची उलटी बाजू चाचपू, कापड लागलं तर रेक्झिन. म्या सगळ्यांदेखत झापलं, तू मला कातडं शिकवून राहिला का? डॉक्टर हसले, म्हणले, आबा बोलले म्हंजे झालं.

म्या सोत्ता एरंडेल चोळलं, कोपऱ्याकोपऱ्यात, बाप चोळायचा तसं. कातडं तेल पितंय हो, रेक्झिन पीत न्हाई, त्याला साबणाच्या पाण्याचं ओलं फडकं लई झालं. तेल वरच बसलं, धूळ धरली, चिकटा झाला, पुढं उन्हाळ्यात सीट कडक पडून तडकली. डॉक्टर भांडले असते तर बरं होतं. नुसतं म्हणले, वय झालं आबा तुमचं. परत आले न्हाईत.

पोरगं मात्र अजून गाडी आली की हाक मारतंय, आबा, नाक लावा. मी लावतो, डोळे झाकतो, आन् एक हात सीटखाली घालून ती कड बोटानं चाचपतो. लव लागली की कातडं, कापड लागलं की रेक्झिन. मग मान वर करून सांगतो. गिऱ्हाईक वा वा करतंय.

परवा ध्यानात आलं, माझा हात खाली गेला की पोरगं गिऱ्हाइकाला तिकडं बोलण्यात गुंतवतंय, आन् आपणबी तोंड फिरवून उभं राहतंय. कधीपासून, ते इचारलं न्हाई. इचारणारबी न्हाई. भलं होवो त्याचं. त्याचं नाक शाबूत राहो.